मुन्शीचं नाव कोणी घेतलं?

"मुन्शी," शकुंतलाबाई म्हणाल्या आणि खोलीतले आम्ही तिघेही खुर्चीतून उठलो.

त्यांचा मुलगा नितीन रडायलाच लागला. प्रकाशक देवतळ्यांनी मोबाइल काढून तिथूनच कोणाला तरी फोन लावला, "निघाला गा! मुन्शीच होता. बस आता लिहायले." मी चक्क टाळ्या वाजवल्या. अडीच महिन्यांत माझ्या या पेशंटच्या तोंडून निघालेला तो पहिला कामाचा शब्द होता. शकुंतलाबाई मात्र आमच्याकडे आळीपाळीने बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. ते मी पाहिलं होतं, पाहिलं आणि सोडून दिलं.

मी स्पीच थेरपिस्ट आहे. धंतोलीत एका न्यूरोलॉजिस्टच्या क्लिनिकमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, मागच्या खोलीत बावीस वर्षं बसते. लोकांना वाटतं, आमच्याकडे फक्त अडखळत बोलणारी मुलं येतात. माझे निम्मे पेशंट साठीच्या पुढचे आहेत. पक्षाघात होतो, उजवा हात जातो आणि त्याच्याबरोबर वाचा जाते. बुद्धी जागेवर असते. माणसाला सगळं कळतं, अगदी सून खोटं बोलते आहे हेसुद्धा कळतं. पण 'चमचा' म्हणायचं असलं की तो शब्द हाती लागत नाही. याला आम्ही अफेजिया म्हणतो.

शकुंतलाबाई गावंडे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. जन्मभर इतिहास शिकवला. त्यांना दोनच गोष्टी स्पष्ट म्हणता यायच्या, 'अरे बाप्पा' आणि 'हाव', म्हणजे हो. पैकी 'अरे बाप्पा' सवयीचं, ते आपोआप निघायचं. आणि 'हाव' पूर्ण बेभरवशाचं. जेवलात? हाव. नाही जेवलात? हाव. तुमचं नाव देवतळे? हाव. म्हणून आमच्या कामात एक पक्का नियम आहे. अशा पेशंटला कोणताही प्रश्न उलटसुलट दोन्ही बाजूंनी विचारायचा. दोन्हीला 'हाव' आलं, तर ते उत्तर धरायचं नाही. हा नियम मी दर वर्षी नवीन विद्यार्थ्यांना शिकवते. हे मुद्दाम आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे माझी कीव येणार नाही.

निवृत्तीनंतर बाईंनी एक कादंबरी लिहायला घेतली होती. फुलस्केप वह्यांमध्ये, हाताने. तिच्यातली डिटेक्टिव्ह म्हणजे जमना, निवृत्त पोलीस हवालदार, मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये एकटी राहणारी. उन्हाळ्यात तिच्याकडची लाईट गेली की ती थेट दोनशे वर्षं मागे, राजाच्या वेळच्या महाल वस्तीत जाऊन पडते. लाईट आली की वापस मनीषनगरला. मधल्या वेळात जेवढा तपास होईल तेवढा. तिथे तिला वर्दी नाही, अधिकार नाही, कोणी ओळखतही नाही. केस अशी की राजवैद्य दरबारातल्या मेजवानीहून घरी येतो आणि सकाळी मेलेला सापडतो. दरबारात खाल्लेल्या विड्यात विष होतं, असं सगळ्यांना वाटतं. संशयित चार. दिवाण, इंग्रजांच्या रेसिडेंटचा मुन्शी, वैद्याचा धाकटा भाऊ आणि विडे लावणारा.

एकोणीस प्रकरणं लिहून झाली. विसावं, शेवटचं, लिहायला बसायच्या आठवड्यात बाईंना झटका आला. खुनी कोण, हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. नितीनलाही नाही. "विचारलं की म्हणे, वाच ना मंग, मास्तरणीचा पोरगा हायस तू," हे नितीन दर वेळी सांगायचा.

देवतळे आजच्या त्याच महाल वस्तीत एका बोळात बसतात. शाळेची गाइडं छापतात. ही त्यांची पहिली कादंबरी. त्यांनी तिची जाहिरात करून ठेवली होती, पुस्तक प्रदर्शनात प्रकाशनही ठरवून टाकलं होतं. एकोणीस प्रकरणं कंपोज होऊन पडली होती. ते वाईट माणूस नाहीत, पण घाईचे आहेत. दर दोन दिवसांनी त्यांचा मला फोन. "मॅडम, कादंबरी नका बोलवू तिच्याकडून. एक नाव बोलवा. नाव भेटलं की बाकीचं लिहायले माणूस आहे माझ्याकडे."

नितीनचं वेगळंच. त्याला वाटायचं, पुस्तक हातात पडलं की आई बरी होईल. ती जेवत नव्हती, भिंतीकडे तोंड करून बसायची. "मॅडम, फक्त नाव. तेवढं झालं तर तिले जगायले काही तरी राहील," तो म्हणायचा. असं कोणी म्हटल्यावर मी पण माणूसच आहे. मी नितीनकडून वह्यांच्या झेरॉक्स मागवून घेतल्या. तीन वेळा वाचल्या. तिसऱ्या वेळी माझी खात्री झाली की खून मुन्शीने केला. सातव्या प्रकरणात तो नको तितके प्रश्न विचारतो आणि विड्याचं तबक एकदा त्याच्या हातातून जातं. मी स्वतःवर खूश झाले.

त्या सोमवारी चौघांची चित्रं काढलेली कार्डं मी टेबलावर मांडली. नितीन आणि देवतळे मागे बसले. वीस मिनिटं काही नाही. बाई कार्डांकडे बघायच्या, ओठ हलवायच्या, 'अरे बाप्पा' म्हणायच्या आणि डाव्या हाताने कार्डं दूर सारायच्या. आणि मग तो शब्द आला, मुन्शी. मी विचारलं, "नक्की मुन्शी?" त्या म्हणाल्या, "हाव, हाव, हाव." उलटा प्रश्न मी विचारला नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा विचारला नाही.

दर सोमवारचं सेशन मी रेकॉर्ड करते. महिन्यामागचं आणि आजचं बोलणं ताडून बघायला ते लागतं. मंगळवारी सकाळी फाइलमध्ये नोंद करायची म्हणून मी कानाला हेडफोन लावला. कूलरची घरघर. नितीनचं खोकणं. बाईंचं 'अरे बाप्पा'. आणि मग एक आवाज, अगदी हळू, लाडीगोडीचा. "मु…"

तो आवाज माझा होता.

हे काय असतं, ते सांगते. शब्द अडला की आम्ही पेशंटला त्याचा पहिला आवाज काढून देतो. समोर कंगवा ठेवलाय, नाव येत नाहीये, तर आम्ही म्हणतो, "कं…" आणि पेशंट म्हणतो, "कंगवा." याला क्यू म्हणतात. गाडीला धक्का मारावा तसं ते काम करतं. पण ही गाडी धक्का मारू त्या दिशेला जाते. समोर कंगवा असताना मी "चा…" म्हटलं, तर पेशंट "चाबी" म्हणू शकतो. त्याला चाबी म्हणायचं नसतं. तोंड आपलं आपण पुढे जातं. म्हणून क्यू द्यायचा तो फक्त उत्तर समोर दिसत असेल तेव्हा. इथे उत्तर एकाच डोक्यात होतं आणि ते डोकं माझं नव्हतं. मला क्यू दिल्याचं आठवतसुद्धा नव्हतं. इतकी वर्षं झाल्यावर ओठ सवयीने हलतात.

मी रेकॉर्डिंग पाच वेळा ऐकलं. लगेच फोन करायला हवा होता. केला नाही. मी मनाशी म्हटलं, असेलही मुन्शीच. मी तीन वेळा वाचलंय. शिवाय सगळे इतके खूश आहेत. फाइलमध्ये मी लिहिलं, 'पहिला अर्थपूर्ण शब्द.' पुढे 'स्वतःहून' की 'क्यू देऊन' अशी एक चौकट असते. ती कोरी सोडली.

बुधवारी नितीन आईला घेऊन आला नाही. म्हणाला, ती गाडीत बसायला तयार नाही. गुरुवारीही तेच. देवतळ्यांच्या माणसाने शेवटचं प्रकरण लिहून दिल्याचं मला कळलं. दोन्ही दिवस फोन वाजला की मी आधी नंबर बघायचे. घरी मी वरणाला दोनदा फोडणी दिली. नवरा म्हणाला, "काय झालं तुला?" मी म्हटलं, ऊन फार आहे.

शुक्रवारी सकाळी नितीन आला, आईला घेऊन, पण माझ्याकडे नाही, सरांकडे. सर म्हणजे आमचे न्यूरोलॉजिस्ट. जाता जाता तो माझ्या दाराशी थांबला.

"आईले नवीन प्रकरण वाचून दाखवलं, मॅडम. पानं फाडली तिनं. दातानं फाडली. मले मारलं. ताट फेकून राहिली तेव्हापासून."

"सर काय म्हणाले?"

"झटक्यानंतर होते म्हणे अशी चिडचिड. शांत राहायची गोळी लिहून देऊन राहिले."

बाई व्हीलचेअरवर बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. त्या चिडलेल्या नव्हत्या. त्या 'नाही' म्हणत होत्या. ताट फेकून, चावून, जमेल तसं म्हणत होत्या, आणि आम्ही त्यावर गोळी देणार होतो. ती गोळी घेतली असती तर त्या शांत झाल्या असत्या, आणि मग कोणालाच काही कळलं नसतं. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले. पाठोपाठ नितीन.

"सर, गोळी देऊ नका."

"काहून?"

"चिडचिड आजाराची नाहीये. माझी आहे." मी मोबाइल टेबलावर ठेवला आणि ते चार सेकंद ऐकवले. मग पुन्हा ऐकवले.

सरांनी चष्मा काढला. "क्यू तू दिला?"

"हो."

"उत्तर माहीत नसताना?"

"माहीत आहे असं वाटत होतं."

"कधी कळलं तुला?"

"मंगळवारी."

"आणि आज शुक्रवार आहे," सर म्हणाले. एवढंच. त्यांनी पेनाने गोळीच्या ओळीवर काट मारली. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

नितीनला कळायला वेळ लागला. "म्हणजे आई बोललीच नाही?"

"बोलल्या. पण तो शब्द माझा होता."

"दोन दिवसांपासून मी तिच्यावर ओरडून राहिलो, मॅडम. तुझंच पुस्तक तूच फाडतं काहून वं, म्हणून." मग तो बाहेर जाऊन आईच्या पायाशी बसला.

देवतळ्यांना मी फोनवर सांगितलं.

"पानं प्रेसवर गेली, मॅडम."

"थांबवा."

"मंग खुनी कोण हाय, ते माहीत आहे का तुमाले?"

"नाही."

"वा! प्रदर्शन पुढच्या हप्त्यात. जाहिरात मी केली, लोकांसमोर तोंड माझं जाणार." मग त्यांनी मशीनवाल्याला थांबायला सांगितलं. "सोमवार दुपारपर्यंत थांबतो. एक वाजेपर्यंत. नाई तर मुन्शीच."

सोमवारी नऊ वाजता आम्ही बसलो. मी, नितीन आणि बाई. आधी मी त्यांची माफी मागितली. मग माझी चूक त्यांना दाखवायची म्हणून रेकॉर्डिंग लावलं. कूलर, खोकला, 'अरे बाप्पा'. माझं "मु…" आलं तसा बाईंचा डावा हात वर गेला. बोट थेट माझ्याकडे.

"तू!"

स्वच्छ, खणखणीत. क्यू नाही, काही नाही. भर वर्गात कॉपी पकडल्यावर मास्तरीण म्हणेल तसं. मी म्हटलं, "हो, मीच." त्या पहिल्यांदा थोडं हसल्या.

मग मी कार्डं मांडली. या वेळी पाच. पाचवं कोरं. हेही आमच्या नियमातलंच, निवड करायला देताना 'यातलं नाही' म्हणायची सोय ठेवायची. गेल्या वेळी चार कार्डं मांडून मी बाईंना चारांतच कोंडलं होतं. बाईंनी सरळ कोऱ्या कार्डावर हात ठेवला. मी कार्डं पिसून, जागा बदलून पुन्हा मांडली. पुन्हा कोरं. तिसऱ्या वेळी त्यांनी ते उचलून माझ्या हातात दिलं.

म्हणजे चौघांतला कोणीच नाही. मी घड्याळात पाहिलं. दहाला पाच कमी. एकोणीस प्रकरणांत लहानमोठी चाळीस माणसं असतील. बाईंना चित्र काढायला वही दिली. डाव्या हाताने त्यांनी एक वाटीसारखं काही तरी काढलं, त्यात एक काठी.

"बादली का वं आई? दिवा?" नितीन म्हणाला. मी त्याला गप्प केलं. माझ्या स्वतःच्या जिभेवर चार शब्द आले होते. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले.

बाईंनी पेन्सिल टाकली आणि नितीनच्या पिशवीला हात घातला. पिशवीत मूळ वह्या होत्या. पक्षाघातानंतर त्यांना वाचता येत नाही, असं आमच्या तपासणीत आलं होतं, म्हणून वह्या त्यांच्यासमोर ठेवायचं मला कधी सुचलंच नाही. ती तपासणी छापील अक्षरांवर केली होती. हे त्यांचं स्वतःचं अक्षर होतं. कुठल्या पानावर शाई सांडलीय, कुठे काय खोडलंय, हे त्यांना पाठ होतं. एका हाताने त्या पानं उलटत राहिल्या. पानं चिकटायची, त्या बोट ओलं करायच्या. अकरा वाजले. साडेअकरा वाजले. माझं सगळं लक्ष घड्याळाकडे, आणि मला काही बोलता येत नव्हतं.

तिसऱ्या वहीत त्यांचं बोट थांबलं. वैद्याचं प्रेत सापडतं तो प्रसंग. अंगणात गर्दी जमते, बायका रडतात, सगळे बघायला धावतात. शेवटी एक ओळ होती, 'खलबत्त्यात औषध कुटणाऱ्या दाजीने मान वर केली नाही.'

ही ओळ मी तीन वेळा वाचली होती.

बाईंनी ती वही बाजूला ठेवली आणि पहिली उघडली. हे पान लगेच सापडलं. वैद्याच्या दारावरून तापाने फणफणलेल्या एका मुलीला परत पाठवतात, कारण वैद्यबुवा मेजवानीला निघालेले असतात. मुलगी त्याच संध्याकाळी जाते; ती कोणाची, ते लिहिलेलं नाही. बाईंनी एक उघडी वही दुसरीवर ठेवली आणि वर हात दाबला.

"दाजी," त्या म्हणाल्या. मग बऱ्याच वेळाने, "पोरगी. त्याची."

नितीनने तोंडावर हात धरला. खून विड्यातून झालाच नव्हता. वैद्य घरी येऊन आपलंच चूर्ण घेतो, आणि ते कुटणारा अंगणातच बसलेला असतो. जमनाला तो दिसतो, मला नाही.

मी आता उलटा प्रश्न विचारला, "दाजी निर्दोष आहे?" बाईंची मान हलली, नाही. "दाजीने केलं?" मान हलली, हो. मी घाईने लिहून घेत होते, तेवढ्यात नितीन बोलून गेला, "मंग जमना त्याले पकडते ना, आई?"

मी त्याच्याकडे डोळे वटारले. असा प्रश्न म्हणजे क्यूच. पण बाई ढळल्या नाहीत.

"नाई."

ते त्यांचं पहिलं भरवशाचं 'नाई' होतं. मग त्यांचे ओठ पुन्हा हलायला लागले. "जे… जे…" मला दहा शब्द सुचले. जेल, जेलर, जेरबंद. मी ओठ दातांखाली धरला. कूलर घरघरत होता. साडेबारा होऊन गेले होते.

"जेवू. घातलं," शकुंतलाबाई म्हणाल्या. घामाघूम झाल्या होत्या. मी पाणी पुढे केलं, ते त्यांनी हातानेच थांबवलं. अजून एक बाकी होतं. "ला… लाईट." आणि मग एकदम मोकळा श्वास सोडून, "आली."

त्या मागे टेकल्या. जमना दाजीला जेवू घालून मनीषनगरला वापस आली होती. "अरे बाप्पा," म्हणाल्या, आणि पाणी मागितलं.

देवतळे एकला दहा मिनिटं असताना पोचले. मी कागद पुढे केला. त्यावर बाईंनी उच्चारलेले शब्द होते, त्याच क्रमाने. 'दाजी. पोरगी त्याची. जेवू घातलं. लाईट आली.'

त्यांनी दोनदा वाचला. "हे तर ठीक आहे. पण हे प्रकरण थोडीच झालं? माझ्या माणसाले देतो, फुलवून आणतो बारा-पंधरा पानं. शकुंतलाबाई, चालन ना?"

मी दोन्ही बाजूंनी विचारलं. "अजून लिहायचं आहे?" "नाई." "एवढंच ठेवायचं?" "हाव."

देवतळ्यांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. "वाचक शिव्या देतील," ते म्हणाले आणि प्रेसवर गेले.

पुस्तक वेळेत निघालं. विसाव्या प्रकरणात एका पानावर तेवढ्या चार ओळी आहेत. शेवटची पानं गळाली का, असं विचारणारे फोन देवतळ्यांना अजून येतात. शकुंतलाबाईंना आता शंभरेक शब्द येतात. आठवड्यातून एकदा त्या माझ्याकडे येतात, आणि त्यांची प्रत मला वाचायला लावून डोळे मिटून ऐकतात. त्या मंगळवारची कोरी चौकट मी नंतर भरली. 'क्यू देऊन', खाली माझी सही.

क्यू मी अजूनही देते. कंगवा, चमचा, चाबी, जे टेबलावर सगळ्यांना दिसतं त्याचाच. ज्याचं उत्तर एकट्या पेशंटला ठाऊक आहे, तिथे मी हात मांडीखाली दाबून बसते. हाताला मुंग्या येतात, पण बसते.